विदुषी गर्टी कोरी व शरीरातील शर्करेचा मार्ग

ज्युबिलीच्या जेवणावळीत लाडवांचे ताट फिरू लागले, म्हणजे प्रत्येक पंक्तीत कोणी ना कोणी आपला हात आडवा धरतो. रक्तात साखर वाढली आहे, डॉक्टरांनी गोड वर्ज्य सांगितले आहे, असे तो सौम्यपणे सांगतो व वाढपी पुढे जातो. हा प्रसंग आता इतका नित्याचा झाला आहे, की त्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु खाल्लेला घास शरीरात गेल्यावर त्यातील साखरेचे पुढे काय होते, ती कोठे साठते, कोणत्या वाटेने रक्तात परत येते व ती वाट मध्येच अडली तर काय अनर्थ ओढवतो, हे ज्यांनी आयुष्य वेचून शोधून काढले, त्यांची नावे आपणांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर आली असतील. अशांपैकी एका थोर स्त्रीचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. ती स्त्री म्हणजे डॉक्टर गर्टी थेरेसा कोरी होय.

गर्टीबाईंचा जन्म सन १८९६ च्या ऑगस्ट महिन्याच्या १५ तारखेस, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, प्राग शहरी झाला. ते शहर त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. परंतु जन्माने ही मुलगी ख्रिस्ती नव्हती. तिचे घराणे ज्यू होते. तिचे वडील ओटो राडनित्झ हे रसायनशास्त्र जाणणारे गृहस्थ असून साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांची व्यवस्था पाहत असत. वडिलांनी कारखान्यातील साखर शुद्ध करावी व कन्येने देहातील साखरेचा माग काढावा, हा योग मोठा मनोवेधक खरा. तीन बहिणींत गर्टी सर्वांत वडील. दहा वर्षांची होईपर्यंत तिचे शिक्षण घरीच झाले. पुढे तीस मुलींच्या शाळेत घातले. त्या काळच्या अशा शाळांतून मुलींस चारचौघींत शोभेल इतपत विद्या मिळे. विद्यापीठाचे दार उघडेल इतकी मिळत नसे. सोळाव्या वर्षी गर्टीने वैद्यक शिकण्याचा निश्चय केला, तेव्हा लॅटिन, गणित, पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत ती प्रवेशास लागणाऱ्या मजलेपासून कितीतरी मागे होती. तथापि तिने रात्रीचा दिवस करून ही उणीव भरून काढली व सन १९१४ मध्ये ती प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकाची विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली.

तेथे शरीररचनेच्या वर्गात तिची गाठ कार्ल कोरी या तरुणाशी पडली. तो तिच्याच वयाचा, जन्माने प्रागचाच, परंतु त्रिएस्त या समुद्रकाठच्या शहरी वाढलेला होता; तेथे त्याचे वडील सागरी प्राण्यांच्या संशोधनकेंद्राचे प्रमुख होते. दोघांनाही डोंगर चढण्याची हौस व दोघांनाही संशोधनाची ओढ. मध्यंतरी पहिले महायुद्ध सुरू झाले व कार्लला सैन्यात जावे लागले. परंतु स्नेह तुटला नाही. सन १९२० मध्ये दोघांनी वैद्यकाची पदवी घेतली व त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात व्हिएन्ना येथे त्यांचा विवाह झाला.

हा विवाह ख्रिस्तसभेच्या विधीने व्हावा म्हणून गर्टीने कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. येथे एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी खाली मान घालून वाचावी अशी आहे. वधूने बाप्तिस्मा घेतला असताही कार्लच्या घरच्या मंडळींस हा संबंध रुचला नाही. ती ज्यू कुळातील आहे, एवढ्यामुळे कार्लच्या भावी उन्नतीस बाध येईल, अशी भीती त्यांस वाटली. ही भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही, कारण युरोपात वंशद्वेषाचे विष तेव्हाच भिनू लागले होते. कार्ल पुढे ग्राझ विद्यापीठात काम करू लागला, तेव्हा त्यास आपण आर्यवंशीय आहो हे सिद्ध करून द्यावे लागले. ज्या प्रभूची माता व ज्याचे सर्व प्रेषित ज्यू होते, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजात एका नवख्रिस्ती स्त्रीकडे तिच्या कुळामुळे संशयाने पाहिले जावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? आपल्या गावांतूनही विवाह जुळविताना कुळाची व जातीची चौकशी आधी व श्रद्धेची मागाहून होते, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून परक्यांस दोष देताना आपण आपल्याकडेही पाहावे हे बरे.

युद्धानंतरच्या व्हिएन्नात अन्नाची भयंकर टंचाई होती. गर्टीबाई मुलांच्या एका रुग्णालयात काम करीत. तेथील निकृष्ट आहारामुळे त्यांच्या डोळ्यांस जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा शुष्कतेचा विकार जडला. या देशात राहून संशोधन होणार नाही व ज्यू वंशाच्या माणसास भवितव्यही नाही, हे ओळखून पतिपत्नींनी परदेशाची वाट धरली. सन १९२२ मध्ये कार्ल अमेरिकेतील बफेलो शहरी कर्करोगाच्या संशोधनसंस्थेत रुजू झाला आणि काही महिन्यांनी गर्टीबाईही तेथे गेल्या. सन १९२८ मध्ये दोघेही अमेरिकेचे नागरिक झाले.

बफेलो येथे त्यांच्या वाट्यास एक विचित्र छळ आला. पती व पत्नी यांनी एकत्र संशोधन करणे हे संस्थेच्या चालकांस मान्य नव्हते. गर्टीबाईंनी आपल्या खोलीतच राहून नेमून दिलेले काम करावे, नाहीतर नोकरीवर पाणी सोडावे, अशी ताकीद त्यांस मिळाली. पुढे दुसऱ्या एका विद्यापीठाने कार्लला नोकरी देऊ केली, ती पत्नीबरोबर काम करणे सोडण्याच्या अटीवर. आणि गर्टीबाईंस बाजूला घेऊन, तुम्ही पतीच्या उत्कर्षाच्या आड येत आहा, असे त्यांस सुनावण्यात आले. त्या ऐकून रडल्या, असे सांगतात. परंतु कार्लने ती नोकरी नाकारली. विवाहाच्या वेदीपाशी जन्माची सोबत कबूल करणारे पुष्कळ असतात. पदाचा व पैशाचा लोभ समोर उभा असताना ती निभावणारे थोडे. कार्ल कोरी हा त्या थोड्यांपैकी एक होता.

आता या दांपत्याने शोधून काढले ते काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण भात, भाकरी अथवा गोड पदार्थ खातो, त्यांतील पिष्टाची व साखरेची पोटात द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, होते व ती रक्तात जाते. शरीर तिचा काही भाग लगेच खर्च करते व काही भाग यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. साठविलेल्या या रूपास ग्लायकोजेन म्हणतात. कोरी दांपत्याने उंदरांस मोजून साखर दिली व ती कोठे किती गेली याचा, एखाद्या चोख कारकुनाने पै-पैचा जमाखर्च मांडावा तसा, हिशेब मांडला. त्यावरून सन १९२९ मध्ये त्यांनी एक फेरा सिद्ध केला. स्नायू श्रम करतो तेव्हा त्यातील ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होते. ते आम्ल रक्तावाटे यकृतात जाते. यकृत त्याची पुन्हा द्राक्षशर्करा करते. व ती रक्तावाटे स्नायूकडे परत येते. यासच आज जगभर कोरी चक्र म्हणतात. राबणाऱ्या स्नायूने टाकून दिलेले यकृत उचलते व नवे करून त्यासच परत देते, अशी ही व्यवस्था आहे.

सन १९३१ मध्ये हे दांपत्य सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. कार्ल तेथे विभागाचा प्रमुख झाला. गर्टीबाईंस मात्र साहाय्यक संशोधकाची जागा व पतीच्या वेतनाचा एक लहानसा अंश मिळाला. काम मात्र समसमान होते. पुढे सोळा वर्षे त्यांनी ही विषमता सोसली, पण हातातील काम एक दिवसही हलके मानले नाही.

चक्र तर सापडले. परंतु ते फिरते कसे? येथे विकरांचा, ज्यांस डॉक्टर मंडळी एन्झाइम म्हणतात त्यांचा, विषय येतो. प्रत्येक पेशीत प्रथिनांची घडलेली असंख्य विकरे असतात. एकेका विकराने एकेकच काम करावे असा सामान्यतः नेम आहे. एकाने दिलेला पदार्थ दुसरे घेते, त्यात थोडा पालट करते व तिसऱ्याच्या स्वाधीन करते. आपल्या वाडीत विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्यांत जाते, तसेच हे आहे. पाटात मध्येच मातीचा बांध घातला, तर पाणी बांधामागे तुंबते व पुढचे वाफे कोरडे पडतात. त्याचप्रमाणे एखाद्या द्रव्याने एखाद्या विकराचे काम अडविले, तर त्यामागचा पदार्थ साचत जातो व पुढचा पदार्थ दुर्मिळ होतो. यास विकराचा अवरोध म्हणतात. संशोधकांस हा अवरोध म्हणजे एक उत्तम साधनच होय. कारण बांध कोठे घातला व पाणी कोठे तुंबले हे पाहिले, की पाटाची सारी दिशा कळून येते. सन १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड या शास्त्रज्ञाने आयोडोॲसिटेट नावाच्या विषाने स्नायूतील शर्करेची वाट अडविली. तरीही लॅक्टिक आम्ल मुळीच न होता स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला. हे आम्लच स्नायूच्या हालचालीचे मूळ कारण, असा तोवर जो समज होता, तो या एका प्रयोगाने ढासळला.

कोरी दांपत्याने बेडकाचे स्नायू बारीक करून, पाण्याने धुऊन, त्यांवर प्रयोग केले व सन १९३६ मध्ये एक नवा पदार्थ वेगळा काढला. द्राक्षशर्करेस फॉस्फेट जोडून झालेल्या या पदार्थास पुढे कोरी एस्टर असे नाव पडले. नंतर ग्लायकोजेन फोडून हा पदार्थ करणारे विकरही त्यांस सापडले. त्याचे नाव फॉस्फोरिलेज. सन १९३९ मध्ये त्यांनी याच विकराच्या साहाय्याने काचेच्या नळीत ग्लायकोजेन तयार करून दाखविले. जे काम तोवर केवळ जिवंत पेशीच करीत असे, ते पेशीबाहेर घडलेले पाहून विद्वज्जन थक्क झाले. सन १९३६ मध्येच गर्टीबाईंस पुत्र झाला. त्यांच्या संसारातील हे एकुलते एक अपत्य.

साखर पेशीत शिरताच तीस फॉस्फेट जोडून आत अडकवून ठेवणारे एक विकर आहे; त्यास हेक्सोकायनेज म्हणतात. ते जणू साखरेच्या कोठाराचे दार सांभाळते. सन १९४५ मध्ये कोरींच्या प्रयोगशाळेने असे प्रतिपादन केले, की मेंदूखालील पियुषिका ग्रंथीचा अर्क या विकरास अडवितो व इन्सुलिन तो अडथळा दूर करते. मधुमेहाचे सारे रहस्य उलगडले, असेच तेव्हा अनेकांस वाटले. परंतु इतर प्रयोगशाळांस तो प्रयोग खात्रीने साधेना व ते मत मागे पडले. इन्सुलिन हे स्नायूच्या पेशींत साखर शिरण्याची दारेच पेशीच्या पृष्ठभागावर आणून बसविते, हे आज आपणांस ठाऊक आहे. थोरांचेही चुकते, व शास्त्रात चूक पुनःपुन्हा तपासूनच दूर होते, हे यावरून ध्यानात येते. पुढे सन १९५३ च्या सुमारास त्याच विद्यापीठात क्रेन व सोल्स या दोघांनी दाखविले, की हेक्सोकायनेजने केलेला पदार्थ साचू लागला म्हणजे तोच त्या विकरास अडवितो. कोठार भरले, की दार आपोआप लागते. यकृतातील याच जातीच्या विकरास मात्र असा अटकाव होत नाही. म्हणून जेवणानंतर इतर पेशींची दारे मिटू लागली तरी यकृत साखर घेतच राहते व पुढच्या उपासासाठी साठवून ठेवते. हा अवरोध म्हणजे रोग नव्हे. तो विधात्याने घालून दिलेला संयमच म्हणावा लागेल.

सन १९४७ मध्ये गर्टीबाईंस अखेर पूर्ण प्राध्यापकपद मिळाले व त्याच वर्षी दोघा पतिपत्नींस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याचा अर्धा भाग त्यांस व उरलेला अर्धा अर्जेंटिनाचे बर्नार्दो हुसाय यांस मिळाला. वैद्यकाचे हे पारितोषिक मिळविणारी गर्टीबाई ही जगातील पहिली स्त्री होय. परंतु त्याच वर्षी, डोंगर चढत असता, त्यांच्या प्रकृतीत काही बिघाड असल्याचे दिसून आले. तपासणीअंती अस्थींच्या आतील मगज सुकत जाण्याचा रोग ठरला. या रोगात रक्त तयार होईनासे होते व त्यावर त्या काळी उपाय नव्हता. सन्मान व मरणाची सूचना एकाच वर्षी दाराशी आली.

पुढील दहा वर्षे त्या परक्यांच्या रक्तावर जगल्या. वरचेवर रक्त घ्यावे, थोडी शक्ती आली की प्रयोगशाळेत जावे, थकवा आला की तेथेच जवळच्या खाटेवर पडावे, असा त्यांचा क्रम होता. कार्ल त्यांची शुश्रूषा करी. आणि याच दहा वर्षांत त्यांनी जे काम केले, ते आम्हांस त्यांच्या साऱ्या कामांत अधिक हृदयस्पर्शी वाटते, कारण ते आजारी मुलांसंबंधी आहे.

काही मुले जन्मतःच अशी असतात, की त्यांचे यकृत फुगत जाते, पोट मोठे दिसते, वाढ खुंटते व दोन जेवणांच्या मधल्या वेळात रक्तातील साखर इतकी उतरते की त्यांस झटके येतात. या रोगास फॉन गीर्केचा रोग म्हणतात. गर्टीबाईंनी अशा मुलांच्या यकृताचे अंश तपासले व सन १९५२ मध्ये सिद्ध केले, की त्यांच्या यकृतात एकच विकर नाही. साठवलेल्या साखरेस जोडलेले फॉस्फेट सोडवून ती रक्तात मोकळी करणारे ते विकर होय. बाकी सर्व यथास्थित, पण एवढे एक नाही. म्हणून यकृतात साखर तुंबलेली व रक्त साखरेवाचून कोरडे. पाटातील तो एक बांध जन्माचाच. यकृताचा एखादा आनुवंशिक रोग एका विकराच्या अभावाने होतो, हे त्यांच्या या कामाने प्रथमच दाखवून दिले. पुढे उपायही निघाले. सन १९८४ पासून अशा मुलांस मक्याचे न शिजविलेले पिष्ट ठरावीक वेळांनी देण्याची रीत सुरू झाली. ते पोटात सावकाश जिरते व रक्तात साखर थोडी थोडी सोडीत राहते. त्यामुळे ही मुले आज मोठी होऊन संसारास लागतात.

यात आपणांस एक मोठा बोध आहे. घरात व्यंग असलेले अथवा सतत आजारी असणारे मूल जन्मास आले, म्हणजे शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. कोणी आईस बोल लावतो, कोणी वाडवडिलांचे पाप उकरून काढतो, कोणी नजर लागल्याचे सांगून मांत्रिकाकडे धाडतो. जन्मांध माणसास पाहून शिष्यांनीही प्रभूस पापाविषयीच विचारले होते आणि प्रभूने तो दोष त्या माणसाकडेही नाही व त्याच्या आईबापांकडेही नाही, असेच सांगितले. गर्टीबाईंच्या शोधाने त्याच सत्यास शास्त्राची साक्ष मिळाली. अशा मुलाच्या आईने काही पाप केलेले नसते. बाळाच्या यकृतात एक सूक्ष्म द्रव्य घडलेले नसते, इतकेच. त्या मातेस बोल नको, मदत हवी. मांत्रिक नको, डॉक्टर हवा. आणि आपल्या प्रार्थनेबरोबर आपले दोन हातही हवेत.

गर्टीबाईंचे देहावसान सन १९५७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २६ तारखेस सेंट लुईस येथे राहत्या घरी झाले. त्या व कार्ल यांच्या प्रयोगशाळेत ज्यांनी काम केले, त्यांपैकी सहा जणांस पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांत हुशारीपलीकडे विशेष हा, की या प्रयोगशाळेत स्त्री अथवा ज्यू म्हणून कोणास दार बंद नसे. ज्यांनी स्वतः बंद दारे सोसली, त्यांनी आपले दार उघडे ठेवले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेवर वैद्यक पुष्कळ पुढे गेले आहे. आपण साखर तपासण्यासाठी रक्त देतो, तेव्हा ते बहुधा करड्या टोपणाच्या नळीत भरतात. त्या नळीत फ्लोराइड असते. ते रक्तपेशींतील एक विकर अडविते, जेणेकरून तपासणी होईपर्यंत पेशींनी साखर खाऊन टाकू नये. मधुमेहाच्या काही गोळ्याही अशाच बांध घालणाऱ्या आहेत. अकार्बोज नावाची गोळी आतड्यातील विकरे अडविते, त्यामुळे जेवणातील पिष्टाची साखर सावकाश होते. गोळी कोणती घ्यावी हे डॉक्टरांनी सांगावे. परंतु ती घेताना या शोधांमागे किती माणसांचे आयुष्य खर्ची पडले, याची आठवण ठेवावी.

गर्टीबाईंस आम्ही वेदीवर बसवू इच्छीत नाही. तो अधिकार ख्रिस्तसभेचा. परंतु कष्टाळू विद्यार्थिनी, पतीची खरी सहचारिणी व अन्याय सोसूनही कडवट न होता काम करणारी कामकरी म्हणून त्यांचे चरित्र आपल्या मुलींपुढे ठेवण्यास काही हरकत नसावी. ज्युबिली वर्षात आपण मंदिराच्या भिंतींस रंग देतो, घंटा उजळतो, तोरणे बांधतो. त्याबरोबरच ज्या घरी हुशार मुलगी शाळा सोडून बसली आहे, तिचे शिक्षण पुन्हा सुरू करावे. आणि ज्या घरी आजारी बालक आहे, त्या घरची पायरी चढून विचारपूस करावी. असे झाले, तर हा उत्सव प्रभूस अधिक मान्य होईल, असा आमचा विश्वास आहे. तो दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस त्या कामी बळ देवो.